‘नोटेशन वाचलं की कान मरतो’ हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

आपल्या बडोद्यातल्या मराठी पालकांच्या ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं, की मुलाला व्हायोलिन लावलं असेल तर नोटेशन (कागदावर लिहिलेले स्वर) वाचायला अजिबात शिकवू नका, ती इंग्रजांची पद्धत आहे, व्हायोलिनला पडदेच (बोट कुठे ठेवायचं ते दाखवणाऱ्या पट्ट्या) नसतात म्हणून कागदाचा उपयोग नाही, वाचणाऱ्याचा कान मरतो, मोठमोठे कलाकार वाचत नाहीत आणि यूट्यूब आहेच. दांडियाबाजारातल्या एका आईने हे वाचून मला विचारलं, वाचन बंद करू का? मी व्हायोलिन शिकवतो, म्हणून नीट उत्तर देतोय.

‘इंग्रजांची पद्धत’. स्वर लिहायचा पाच रेघांचा स्टाफ युरोपातला, हे खरं, पण मग व्हायोलिन तरी कुठून आलं? आणि स्वर लिहून ठेवणं आपल्याकडे फार जुनं आहे. तमिळनाडूत कुडुमियानमलईला ७व्या शतकातला शिलालेख आहे, त्यात स्वर कोरलेत. १३व्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही स्वरलिपीत रचना आहेत. बाकी सोडा, १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी याच शहरात गायनशाळा काढली, स्वतःची लिपी तयार केली आणि ती घेऊन शिकवलं. पुढे १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच झाली, भातखंड्यांच्या पुढाकाराने. बडोदेकराने तरी स्वरलिपी परकी आहे म्हणू नये.

आता पडद्यांचा मुद्दा, हा नीट समजून घ्यायला हवा कारण इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. स्टाफवर बघा, या चारही मोकळ्या (बोट न ठेवता वाजवलेल्या) तारांचे स्वर रेघेवर येत नाहीत, जागेत येतात. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात व्हायोलिनच्या टोकाशी असताना, पहिलं बोट (तर्जनी) ठेवलं की स्वर रेघेवर जातो, दुसरं बोट जागेत, तिसरं रेघेवर, चौथं परत जागेत, आणि हे चारही तारांवर अगदी तसंच चालतं (स्टाफच्या वर-खाली छोट्या रेघा काढतो तिथेसुद्धा). म्हणजे स्वराचं नाव आठवायच्या आधीच मुलाला कळतं की इथे पहिलं किंवा तिसरं बोट आहे. ओळीच्या सुरुवातीला मांडलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणा (स्वर अर्धा वर की अर्धा खाली) त्यापुढचं सांगतात. एफ शार्प असेल तर डी तारेवर दुसरं बोट तिसऱ्याला चिकटतं, साधा एफ असेल तर पहिल्याला. पडदे नाहीत म्हणून हातात जे कळत नाही तेच कागद सांगतोय, मग उपयोग कसा नाही?

स्वर बरोबर लागला की नाही हे मात्र कागद सांगत नाही, ते कानच सांगणार. डी तारेवर तिसऱ्या बोटाचा जी अचूक लागला की शेजारची मोकळी जी तार आपोआप घुमते, ते मुलांना ऐकायला शिकवावंच लागतं. पण म्हणून वाचनाने कान मरतो कसा? मी मुलांना ओळ आधी गाऊन दाखवायला लावतो, मग बो (गज) लावायचा. न वाजवता कागदावरून सूर गळ्यात आणायचा यापेक्षा कडक कानाचा व्यायाम मला तरी माहीत नाही. सुझुकी पद्धतीचं उदाहरण देतात लोक, तिथे लहान मुलं आधी ऐकूनच वाजवतात, बरोबर आहे, पण तिथेही वाचन पुढे येतंच, फक्त उशिरा. आणि दरबारी रागातला आंदोलित (हळू झुलता) कोमल गंधार कुठल्याच लिपीत पूर्ण उतरत नाही, तो गुरूसमोर बसूनच घ्यायचा, यावर माझा काहीच वाद नाही.

‘मोठे कलाकार वाचत नाहीत’. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी वाचत नाहीत, मान्य. पण आपल्या हिंदी सिनेमातली व्हायोलिनची रांग आठवा, कितीतरी गोव्याचे वादक, समोर लिहिलेले पार्ट्स, थोड्या रिहर्सलमध्ये टेक. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस याच वाचणाऱ्या परंपरेतले. दहा जणांनी एकत्र वेगवेगळं वाजवायचं तर प्रत्येकाला पाठ करून घेणार का?

राहिलं यूट्यूब. व्हिडिओमध्ये बोटं अर्धी झाकलेली असतात, सेकंड व्हायोलिनची ओळ वेगळी ऐकूच येत नाही, आणि नेटवरच्या बहुतेक टॅबमध्ये तार नि बोट कळतं पण स्वर किती वेळ धरायचा ते नाही. बो खाली की वर, एका बोमध्ये किती स्वर, हे स्टाफवर सरळ लिहिलेलं असतं.

त्या आईंना मी हेच म्हटलं की बंद करू नका, फक्त रोज थोडंच करा. डी मेजर स्केलचे आठ स्वर घ्या, डी आणि ए तारेवर बोटांची ठेवण एकच आहे, दोन्ही तारांवर ते नीट वाचता येईपर्यंत पुढचं पान उघडू नका.