‘माझ्याकडे तर चालतंय!’

एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फाइल पाठवणारा प्रोग्राम लिहायला काय लागतं? सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर जाण्याचं दार, उघडायचं, फाइल वाचायची, ढकलून द्यायची. पोचली तर आपलं कौशल्य, नाही पोचली तर विंडोजचा दोष. गेल्या आठवड्यात असाच एक प्रोग्राम निस्तरण्याचं भाग्य मला लाभलं. लिनक्सवर सी भाषेत लिहिलेला, लिनक्सवर झकास चालणारा, आणि विंडोजवरून पाठवायला बसवला की आडवा पडणारा. तीन रात्री जागून जे ज्ञान मिळालं ते एकट्यानं पचवणं बरं नाही, म्हणून तुम्हालाही वाढतो आहे.

चाचणी नेहमी एकाच मशीनवर घ्या. पाठवणारेही आपण, घेणारेही आपणच, पत्ता १२७.०.०.१. लिनक्सवर या लूपबॅकचा, म्हणजे मशीननं स्वतःशीच बोलायच्या वाटेचा, एमटीयू (एका पाकिटात मावणाऱ्या बाइटांची मर्यादा) ६५,५३६ बाइटांचा असतो, बाहेर इथरनेटवर साधारण १,५००चा. त्यामुळे घरातल्या घरात मोठा घासही एकदम पोचू शकतो आणि बाहेर त्याचे तुकडे पडतात. पण बाहेर जायचंय कुणाला? ‘चाललं’ म्हणायचं, कमिट करायचं, झोपायचं.

फाइल उघडताना नुसतं ‘आर’ (रीड, म्हणजे वाचायला) लिहा, पुढे ‘बी’ (बायनरी, म्हणजे जशीच्या तशी) जोडू नका. लिनक्स आणि मॅकवर त्या ‘बी’नं काडीचा फरक पडत नाही, मग बोटांना कशाला त्रास? विंडोजवर मात्र पडतो. तिथे ‘बी’ नसला की फाइल मजकूर म्हणून वाचली जाते. १३ आणि १० हे बाइट लागोपाठ आले की त्यांचा एकच १० होतो, आणि २६ दिसला की फाइल संपली असं धरलं जातं. हा २६ म्हणजे कंट्रोल-झेड, सीपीएम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातला पाहुणा. त्या सिस्टिममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटांच्या गठ्ठ्यांत मोजत, म्हणून शेवटच्या गठ्ठ्यात मजकूर नेमका कुठे थांबला हे सांगायला खूण लागायची. सीपीएम गेलं, पाहुणा अजून ओसरीवर बसलाय.

आता पीएनजी चित्राचे पहिले आठ बाइट बघा: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. हे ‘बी’शिवाय वाचलं की १३-१०चा झाला १०, पुढे २६ आला, खेळ खलास. चार लाख बारा हजार बाइटांच्या चित्रातून हाताला लागले पाच. पाच! आणि गंमत म्हणजे ते आठ बाइट पीएनजी करणाऱ्यांनी मुद्दाम तसे निवडले होते, वाटेत कुणी असा उपद्व्याप केला तर लगेच कळावं म्हणून. त्यांनी बिचाऱ्यांनी सापळा लावून ठेवला, आणि आमचे वीर त्यात पाय अडकवून म्हणतात, ‘नेटवर्क स्लो आहे वाटतं.’

फाइलचा आकार ‘लाँग’मध्ये (सी भाषेतला पूर्णांक ठेवायचा डबा) ठेवा आणि ‘साइझऑफ’नं त्या डब्याचं माप काढून तसाच पाठवा. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग आठ बाइटांचा, ६४ बिटांच्याच विंडोजवर चार बाइटांचा. एकच नाव, दोन मापं. आमच्याकडे विंडोजनं आकाराचे चार बाइट पाठवले आणि मागोमाग चित्राचे ते पाच. पलीकडे लिनक्स आठची ओंजळ धरून बसलेलं. त्यानं चार आकाराचे घेतले, चार चित्राचे घेतले, आणि आकडा काढला: पाच अब्ज जीबीच्या वर. एका चित्रासाठी! नऊपैकी आठ बाइट आकारातच गेले, उरला एक, तो १०. म्हणजे त्या सगळ्या खटाटोपातून डिस्कवर काय उतरलं, तर एक रिकामी ओळ.

मी ती फाइल एक्सएक्सडीमधून, म्हणजे फाइलचे बाइट उघडे करून दाखवणाऱ्या प्रोग्राममधून, बघितली. एकच बाइट. रात्रीचे दोन वाजले होते. मी चष्मा पुसून पुन्हा बघितली.

बरं, दर वेळी असंच होईल तर शोधणं सोपं. पण नेटवर्कवर हे बाइट वाहून नेणारी टीसीपी ही पद्धत म्हणजे बाइटांची धार. तुम्ही कुठे कापून पाठवलंत याच्याशी तिला देणंघेणं नाही. पलीकडच्या ‘रीसीव्ह’ला, म्हणजे बाइट घेणाऱ्या फंक्शनला, आठ मागितले तरी त्या घडीला जेवढे आले असतील तेवढेच मिळतात. कधी आकाराचे चार एकटेच पोचायचे, उरलेल्या जागेत आधीच शून्य असायचं, मग आकार बरोबर निघायचा आणि फाइल पाच बाइटांची व्हायची. कधी नऊच्या नऊ एकत्र, मग एक बाइटाची. पाठवताना मध्ये स्क्रीनवर ओळ छापणारा एक प्रिंटएफ टाकला की तेवढ्या उशिरानं निकाल पाच, काढला की एक. दुसरी संपूर्ण रात्र मी त्या प्रिंटएफला देव मानून काढली.

रिटर्न व्हॅल्यू, म्हणजे फंक्शन परत देतं तो आकडा, तपासू नका, अपमान वाटतो तिला.

फाइलच्या नावात वेळ घाला, कोलनसकट. विंडोजवर नावात कोलन चालत नाही, तेवढंच काम.

काही अडलंच तर अँटिव्हायरस, फायरवॉल, राउटर, या क्रमानं दोष देत जा.

आणि समोरच्यानं जोडणी बंद केल्यावर ‘रीसीव्ह’ शून्य देतं, तिकडे तर ढुंकूनही बघू नका. ‘एकूण अधिक शून्य’ असं करत लूप फिरत राहू दे. पाच अब्ज जीबी पुरे व्हायचे आहेत ना अजून! पंखा घरघरतो, एक कोर शंभर टक्क्यांवर, आणि स्क्रीनवर ‘० टक्के पूर्ण’. (चूक होऊन उणे एक आलं तर तेही एकूणात मिळवलं जात होतं. म्हणजे झालेली प्रगती मागे जायची. याला तरी दाद द्यायला हवी.)

नाही, नको दाद. पुरे झालं. अरे प्रोग्राम लिहिणाऱ्या बाबा, एक अक्षर लिहायचं होतं तुला! वाचताना ‘आरबी’, लिहिताना ‘डब्ल्यूबी’. आकारासाठी मोजून आठ बाइट ठरव, त्यांचा क्रम ठरव, दोन्हीकडे तोच पाळ. मागितलेले सगळे येईपर्यंत लूपमध्ये वाच, शून्य आलं की थांब, उणे आलं की ओरड. यातलं नवीन काय आहे? एफटीपी या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीचे नियम सांगणाऱ्या १९८५ सालच्या आरएफसी ९५९ या दस्तऐवजात मजकुरासाठी आस्की आणि जशाच्या तशा बाइटांसाठी इमेज असे वेगळे प्रकार लिहून ठेवलेत. चाळीस वर्षं झाली. आणि तू मला चॅटवर अंगठा दाखवून लिहितोस, ‘माझ्याकडे तर चालतंय.’ तुझ्याकडे चालून मला काय करायचंय? फाइल माझ्याकडे यायची होती! पुढच्या वेळी दोन मशीन घे, एकावर विंडोज, एकावर लिनक्स, एक चित्र इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पाठव, दोन्हीकडचे बाइट मोज, हॅश (बाइटांवरून काढलेली फाइलची ओळखखूण) जुळव. जुळेपर्यंत मला फोन करू नकोस.