शाळांना साहित्य देणाऱ्या संस्थांनी ते मोडण्याची परवानगीही द्यावी

शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्वाचे (सीएसआर) विभाग आणि माजी विद्यार्थ्यांचे गट यांच्याशी जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक म्हणून माझा अनेक वर्षे संबंध आला. साहित्याचा दर्जा पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला आहे, हे मोकळेपणाने सांगतो. तरीही त्यातला बराच भाग मुलांच्या हाती न पडता कपाटात राहतो आणि त्याचे खापर बहुतेक वेळा शिक्षकाच्या अनास्थेवर फोडले जाते. माझ्या मते खरे कारण शाळेच्या दप्तरात आहे आणि देणाऱ्या संस्थेने मनावर घेतले तर ते बऱ्याच अंशी दूर होऊ शकते.

शाळेत आलेली टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या डेड स्टॉक रजिस्टरात, चढते आणि त्या क्षणापासून ती मुख्याध्यापकाची जबाबदारी होते. बदली झाली की चार्ज घेणारा माणूस रजिस्टर उघडून एकेक नग मोजून घेतो. लेखापरीक्षणातही तेच रजिस्टर पुढे येते. फुटलेली वस्तू नोंदीतून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, आणि एका साध्या भिंगासाठी तो खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा भिंग कुलपात ठेवणे सोपे. बाहेरच्या माणसाला ही वृत्ती कातडीबचाऊ वाटेल. पण चार्ज देण्याआधी हरवलेले चुंबक पदरमोड करून आणणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत, त्यामुळे त्यांना नावे ठेवणे मला जमत नाही.

हा अनुभव जुनाच आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८मध्ये ऑपरेशन ब्लॅकबोर्ड सुरू झाले. आपल्याकडे ते खडू-फळा योजना म्हणून ओळखले गेले. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे, असा त्याचा उद्देश होता. विज्ञानपेटी, गणितपेटी, नकाशे, पृथ्वीगोल, अगदी वाद्येसुद्धा त्या यादीत होती. मात्र हे साहित्य वापरायचे कसे, याचे शिक्षकांसाठीचे खास प्रशिक्षण १९९३-९४मध्ये सुरू झाले, आणि तोवर पुष्कळ शाळांतल्या पेट्या कपाटात स्थिरावल्या होत्या.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात घडले. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे १९८२मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या टोळीने स्वतः प्रयोग करत. साहित्य शक्यतो स्वस्त आणि जवळपास मिळणारे असे, आणि संपलेले-फुटलेले साहित्य पुन्हा भरून देण्याची व्यवस्था हा कार्यक्रमाचाच भाग होता. वस्तू वापरली की ती झिजणार आणि फुटणार, हे तिथे आधीच हिशेबात धरलेले होते. राज्य सरकारने २००२मध्ये तो कार्यक्रम बंद केला; पण तीस वर्षे सरकारी शाळांत तो चालला, यावरून अशी व्यवस्था उभी करता येते एवढे तरी नक्की कळते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की संस्थेने सगळी रक्कम पहिल्याच वर्षी खरेदीत घालवू नये. शाळांची संख्या कमी करावी लागली तरी चालेल, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या भरपाईसाठी काही भाग राखून ठेवावा. कंपन्यांकडून यावर ठरलेले उत्तर येते, की पैसे मार्चअखेर खर्च व्हायलाच हवेत. पण कंपनी कायद्याच्या सीएसआरविषयीच्या कलम १३५खालील नियमांत चालू, म्हणजे अनेक वर्षे चालणाऱ्या, प्रकल्पाची तरतूद आहे. सुरू झालेले वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत असा प्रकल्प चालवता येतो आणि न खर्चलेली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवता येते. त्यामुळे मार्चअखेरची ही सबब पुरेशी नाही, असे मी नम्रपणे म्हणेन. शिवाय मार्चमध्ये आलेल्या पेटीचे शाळेने करायचे तरी काय? समोर परीक्षा, मग सुट्टी, आणि शाळा उघडणार जूनच्या मध्यावर, विदर्भात आणखी उशिरा.

साहित्य निवडताना आधी शिक्षकांना विचारावे, आणि त्यासाठी वेगळी कार्यशाळा भरवण्याची गरज नाही. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत तासभर येऊन नमुना दाखवला तरी पुरे. पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो. त्याला शिक्षकाच्या सूचनेविना मुले स्वतः वापरू शकतील असे साहित्य लागते, हे तिथे कोणीही सांगेल. हिंदी शाळांसाठी छापलेले अक्षरतक्तेही तिथेच अडतील. त्यांत ळ नसतो आणि ल, श हिंदी वळणाचे असतात; राज्य शासनाने २००९मध्ये या दोन अक्षरांची मराठी वळणे प्रमाण ठरवली आहेत आणि पाठ्यपुस्तकात मूल तीच पाहते. मेळघाटातला प्रश्न याहून खोल आहे. तिथल्या अनेक मुलांची घरची कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. तिथल्या पहिलीच्या वर्गाला मराठी गोष्टींची शंभर पुस्तके देण्यापेक्षा कोरकू आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापलेली दहा पुस्तके अधिक उपयोगी पडतील.

टॅब आणि स्मार्ट टीव्हीविषयी थोडक्यात सांगतो. वीजबिल कोण भरणार आणि दुरुस्तीला कोणाला बोलवायचे, याचे लेखी उत्तर नसेल तर ते देऊ नयेत. वाटपाच्या कार्यक्रमात मुलांना उन्हात उभे करून फोटो काढण्याची प्रथाही आता आवरती घ्यावी.

शेवटी त्या रजिस्टराविषयी. प्रत्येक पेटीसोबत मुख्याध्यापकांच्या नावे एक पत्र द्यावे, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून त्यावर ठराव घ्यावा. पत्रात एवढे लिहावे: ‘सोबतचे साहित्य मुलांनी रोज हाताळण्यासाठी आहे. ते जडसंग्रहात न घेता उपभोग्य, म्हणजे वापरात संपणारे, साहित्य म्हणून नोंदवावे, ही विनंती. वापरात फुटलेल्या, झिजलेल्या किंवा हरवलेल्या वस्तूंची भरपाई आम्ही कोणाकडूनही मागणार नाही. अशा वस्तूंची यादी दरवर्षी एप्रिलमध्ये कळवावी. त्या बदलून शाळा उघडण्यापूर्वी पोहोचवू.’ खाली सही कंपनीच्या प्रसिद्धी विभागाची नको, प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाची असावी, आणि त्याचा फोन नंबरही.