मोबाईल हिसकावण्याआधी

‘फिनलंडनेही शाळांत मोबाईल बंद केले, आपण कधी करणार?’ हा फॉरवर्ड गोव्यातल्या डिचोलीहून फिरून फिरून माझ्याकडे येतो. मी फिनलंडमधल्या तांपेरे शहरात राहतो, त्यामुळे खुलासाही मलाच मागितला जातो. तर खुलासा असा: 1 ऑगस्ट 2025 पासून इथे तास चालू असताना मोबाईल वापरायचा तर शिक्षकांची परवानगी लागते, आणि अभ्यासासाठी ती मिळते. मूल घरी काय खेळतं, कुणाशी बोलतं, यात त्या कायद्याने नाक खुपसलेलं नाही.

आपल्याकडे बेत मोठा आहे. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती ठेवता येत नाहीत. जानेवारी 2026 मध्ये आपले माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी गोव्यातही तसं काही करता येईल का, याचा विचार चालू असल्याचं सांगितलं. लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर इन्स्टाग्राम, रील्स, बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा खेळ), रमी सगळं एकाच पोत्यात कोंबून झालं. वहिनी म्हणाली, “भावोजी, तुम्ही तिथे बसून बोलता. रात्री साडेअकराला तुमचा पुतण्या ‘मागून आला, मागून आला’ म्हणून बोंबलतो, तेव्हा झोपमोड आमची होते.” झोपमोडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती तक्रार शंभर टक्के खरी.

पण गेल्या सुट्टीत मी पुतण्याच्या शेजारी बसून त्याचा खेळ पाहिला होता. त्याच्या चौकडीतला एक वाळपईचा, एक सावंतवाडीचा, एक बेळगावचा. अर्धी कोंकणी, अर्धी मराठी: “रिव्हाइव्ह दी रे”, “स्मोक टाक आधी.” डाव हरले, पण माईक कुणीच बंद केला नाही. मग विषय निघाला बेळगावच्या पोराच्या वडिलांचा. ते स्कूटरवरून पडले होते, हाताला प्लास्टर होतं आणि दुकान बंद होतं. आमच्या वेळी असल्या गोष्टी देवळाच्या पायऱ्यांवर व्हायच्या. वहिनीच्या हिशेबात मात्र हाही वेळ ‘गेम’मध्येच धरला जातो.

या वेळात नेमकं काय चालतं, हे पाहणं इथे रीतसर संशोधनाचा विषय आहे. डिजिटल खेळांच्या अभ्यासकांचं एक सुरुवातीचं आंतरराष्ट्रीय संमेलन 2002 मध्ये तांपेरेतच भरलं होतं. फ्रान्स मायरा आणि त्यांचे सहकारी इथल्या विद्यापीठात वर्षानुवर्षं याच कामात आहेत. त्यांच्या उपक्रमांपैकी मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो ‘खेळाडू बॅरोमीटर’. 2009 पासून दर काही वर्षांनी लोकांना विचारलं जातं की बाबांनो, तुम्ही काय खेळता? मोबाईलवरचं, पत्त्यातलं, सोंगट्यांचं, लॉटरीचं, सगळं. डिजिटल खेळणाऱ्याचं सरासरी वय निघतं चाळिशीच्या जवळ, आणि लोकप्रिय खेळांत सॉलिटेअर हटायला तयार नाही. म्हणजे ‘गेमर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा तो चष्मिस पोरगा एकटाच नाही, त्याची मावशीही आहे.

गोव्यात हे कुणी कुणाला विचारलंय? सत्तरीतल्या मुली काय खेळतात, पेडण्यातली मुलं रात्री कुणाशी बोलतात, त्यात ओळखीचे किती आणि अनोळखी किती? मंत्र्यांपासून आमच्या ग्रुपपर्यंत सगळे आपापल्या घरातला एक मुलगा पाहून बोलतात. मीही त्यातलाच, फक्त लांबून.

तासांच्या हिशेबाचं म्हणाल तर 2022 मध्ये मात्ती वूओरे, अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि इतरांनी सुमारे 39 हजार खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळलेले तास खेळाडूंना न विचारता थेट गेम कंपन्यांच्या नोंदींतून घेतले होते. तास वाढले म्हणून माणसाचं बरं-वाईट वाटणं फारसं बदललं नाही. हे खेळाडू मोठे होते, त्यामुळे चौदा वर्षांच्या पोरांसाठी हा दाखला जशाच्या तसा चालणार नाही. पण दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाईन खेळांची बंदी केली होती. पोरं मोबाईलकडे वळली, जो त्या बंदीत नव्हता. काहींनी आईबापांचे ओळख क्रमांक वापरले. 2022 उजाडताना तो कायदाच गुंडाळला गेला.

खरी मेख पैशात आहे. खेळात पैसे भरून बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ते नशिबावर. याला लूट बॉक्स म्हणतात. त्यावर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराचा त्रासही जास्त दिसतो, असं डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी 2018 मध्ये दाखवलं. कशामुळे काय होतं हे त्यातून ठरत नाही, पण जत्रेतला गडगड्याचा जुगार पाहिलेल्या माणसाला ही पेटी लगेच ओळखू येईल. म्हणून केंद्राने ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाईन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम, वेगळे काढले, ती रेघ मला पटते. रेघ पैशावर ओढली, पडद्यावर नाही.

आणि मांडवी नदीतले कॅसिनो? ऑनलाईन पत्ते बंद, पणजीच्या जेटीवरून कॅसिनोची फेरी बोट मात्र चालू. 2020 पासून गोमंतकीयांना तिथे मज्जाव आहे, पण विमानतळावरून घरी येईपर्यंत कॅसिनोचे फलक पोराला दिसतातच. फिनलंडही काही सोवळं नाही बरं. इथे सरकारी कंपनीची जुगाराची यंत्रं सुपरमार्केटच्या दाराशी उभी असतात. दूध घ्यायला आलेली म्हातारी सुटे पैसे त्यात घालून जायची. 2021 पासून ओळख पटवल्याशिवाय यंत्र चालत नाही. तेवढं व्हायलाही बरीच वर्षं बोंबाबोंब करावी लागली.

साडेअकराचं म्हणाल तर तो घरचा प्रश्न आहे. वहिनीने दहा म्हणावं आणि दादाने त्या वेळी स्वतःचा मोबाईलही खाली ठेवावा. पण कायदा करायचा असेल तर आधी गावोगाव, शाळाशाळांतून विचारा, मुलांना विचारा. ग्रुपवर हे लिहिलं तर वहिनीचा लगेच प्रश्न: “एवढं विचारत फिरायला पैसे कोण देणार?” मी लिहिलं, कॅसिनोंच्या परवाना शुल्कातून घ्या की. त्यावर दादाने अंगठा टाकलाय, वहिनीने अजून काही नाही.