ताई, तो दगड उकळू नका

नमस्कार ताई,

माझ्या दुकानातून समुद्री टाकीसाठी (खाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियमसाठी) घेतलेल्या कोरलबद्दल, म्हणजे प्रवाळाबद्दल, तुम्ही रिव्ह्यूत एक स्टार का दिलात त्यावर बोलतोच. पण आधी तुमचं शेवटचं वाक्य: "रविवारी दगड उकळून साफ करणार आणि विषय संपवणार." कृपया उकळू नका. ब्रशने घासू नका, वरून गरम पाणीसुद्धा ओतू नका.

कोरलच्या बुडाशी जी तपकिरी बटणं उगवलीत, ज्यांना तुम्ही किडे म्हटलंय, ती फोटोवरून मला पॅलिथोआ, म्हणजे दगडावर गुच्छाने वाढणारे समुद्री जीव, वाटतात. कडेला आखूड टेंटॅकल्सची (बोटांसारख्या बारीक हातांची) झालर, बुडाशी एकमेकांना चिकटलेली, हात लावला की बटणासारखी मिटणारी. रात्री टॉर्च मारून बघा. अंगात वाळूचे कण रुतलेले दिसले तर शंका आणखी पक्की. लांब टोकदार टेंटॅकल्स असतील आणि हात लागताच भोकात गायब होत असेल, तर ते एप्टेशिया नावाचं दुसरंच समुद्री जीव, म्हणजे वेगळी डोकेदुखी.

पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. 1971 साली हवाईतल्या संशोधकांनी तिथल्याच एका पॅलिथोआतून ते वेगळं काढलं होतं. कुठल्या गुच्छात किती आहे हे नुसतं बघून कोणीच सांगू शकत नाही. उकळल्यावर ते निघून जाईल असं समजू नका. उलट वाफेबरोबर हवेत येतं. असे दगड घरात उकळल्यामुळे अख्खं कुटुंब ताप, खोकला आणि धाप लागून हॉस्पिटलात गेल्याच्या नोंदी परदेशात आहेत. तुमच्या घरी लहान मूल आहे, म्हणून दुकानाची अब्रू नंतर, हे आधी. टाकीत हात घालताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

ही बटणं माझ्याकडूनच आली, ही चूक माझी. विकण्याआधी दगड उलटून बघायला हवा होता.

आता तुमची तक्रार: "1,800 रुपये घेतले आणि दुकानदाराला स्वतःच्या मालाचं नाव माहीत नाही." खरं आहे. बिलावर मी स्वतः "सॉफ्ट कोरल, लेदर प्रकार, नाव नक्की नाही" असं लिहिलं होतं. काउंटरवरच्या मुलाने "मशरूम आहे" असं ठोकून दिलं, त्याबद्दल माफी मागतो. मशरूम नावाच्या कोरलला असा जाड देठ नसतो. तुमच्या कोरलला देठ आहे, वर छत्रीसारखा माथा आहे, आणि माथ्यावरच्या प्रत्येक पोलिपला (फुलासारख्या छोट्या जिवाला) आठ पिसांसारखे हात आहेत. मी भिंगाने मोजले होते. त्यामुळे लेदर, म्हणजे चामड्यासारखं मऊ कोरल, हे नक्की. लेदरमधलं सार्कोफायटॉन की लोबोफायटम, इथे मी अडतो. लहान तुकड्यात दोघे भावासारखे दिसतात. जात पक्की करायची तर तुकडा कापून ब्लीचमध्ये विरघळवून आतले चुन्याचे सूक्ष्म कण मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. फोटो बघून छातीठोक लॅटिन नाव सांगणारा दुकानदार तुम्हाला कुठेही मिळेल. सांभाळायला मात्र दोघांना सारखंच लागतं.

"आठ दिवसांत मिटलं, वरून कातडी निघतेय." ताई, लेदर कोरल अधूनमधून कात टाकतं. पोलिप आत घेतं, माथा मेणचट चकचकीत होतो, मग पातळ पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर वर बसलेलं शेवाळ निघून जातं. काही दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. हे विकतानाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पापुद्रा हाताने सोलू नका, पंपाचा प्रवाह तिकडे थोडा वाढवा, फिल्टरमध्ये कार्बन ठेवा. देठ घट्ट आहे तोवर ते जिवंत आहे. देठ लिबलिबीत झाला आणि कुजका वास आला, तर मात्र गेलं.

पण सगळा दोष कात टाकण्यावर ढकलत नाही. तुमच्या मुलाने बाटलीत आणलेलं पाणी मी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, मोजलं, 1.031 आलं. हवं 1.025 च्या आसपास. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये टाकीवर पंखा लावला की पाणी भराभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. तुम्ही भर घालत होतात मिठाच्याच पाण्याने. भर नेहमी साध्या आरओ पाण्याची घालायची. तीही स्वयंपाकघरातल्या आरओची नको, त्यात चवीसाठी टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) स्क्रू फिरवून थोडं नळाचं पाणी मिसळलेलं असतं. टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी घ्या. आता घाईघाईने खाली आणू नका, रोज 0.001 एवढंच उतरवा.

आणि "ब्रेन कोरल मागितलं तर उर्मटपणे नाही म्हणाले." आवाज चढला असेल, दिवसातून चार जण तेच मागतात. ब्रेन कोरल कडक सांगाड्याचं, आणि असं कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मी ते ठेवत नाही, मागवूनही देत नाही.

पैशांचं असं करू. कोरल दगडासकट टाकीच्याच पाण्यात, झाकणाच्या डब्यात घालून आणा. दुपारी ट्रॅफिकमध्ये नको, मागच्या वेळी दीड तास रिक्षात पिशवी तापली होती. मी तीन आठवडे माझ्या टाकीत ठेवतो. उघडलं तर बटणांपासून वेगळं करून नव्या दगडावर लावून देईन, नाही उघडलं तर 1,800 रुपये परत. बटणं असलेला, तुम्ही उकळायला काढलेला दगड मी इथेच ठेवून घेतो.

सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी 11 नंतर मी स्वतः काउंटरवर आहे.