७२ की ३००? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की निम्मी चूक माझीच आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ‘मोठ्या बॅनरला ७२ पीपीआय पुरे’ हे माझ्या लेखातलं वाक्य (पीपीआय म्हणजे एका इंचात किती पिक्सेल, चित्राचे बारीक चौकोन) धरून तुम्ही १२ × ८ फुटांचा बॅनर केला. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या आल्या, फोटो फुटला, निळा रंग जांभळट झाला. मग तीच फाइल १५० वर करून पुन्हा छापली. अक्षरं सुधारली, फोटो मात्र होता तसाच. ‘छपाईला ३०० लागतात हे कुणीही सांगेल, अर्धवट सल्ले देऊ नका,’ असं तुमचं म्हणणं.

आधी ३०० बद्दल. तुमचा बॅनर ३०० वर केला असता तर फाइल ४३,२०० × २८,८०० पिक्सेलची झाली असती. म्हणजे सुमारे १२४ कोटी पिक्सेल, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईरंगांत) जवळपास ५ जीबी. फोटोशॉपच्या साध्या पीएसडीत एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या वर जाताच येत नाही, त्यासाठी पीएसबी ही मोठ्या मापाची फाइल लागते. ३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या छपाईचा आहे. डोळ्याला साधारण एका मिनिटाच्या कोनाएवढं बारीक दिसतं (अंशाचा साठावा भाग). त्यावरून मी एक ढोबळ हिशेब वापरतो: बघणारा जितक्या मीटरवर उभा, त्या आकड्याने ८७ ला भागायचं. एक मीटरवर ८७ पीपीआय, तीन मीटरवर २९. पुस्तकाच्या अंतरावर, ३० सेंटिमीटरला, २९०. तिथेच तुमचे ३०० बसतात. बॅनरची लांबी-रुंदी या हिशेबात कुठेच येत नाही.

आणि माझं वाक्य चुकलं ते इथेच. मी ‘मोठ्या’ असं लिहिलं, ‘लांबून बघायच्या’ असं लिहायला हवं होतं. तुमचा बॅनर प्रदर्शनाच्या वाटेवर लावलेला, लोक हातभर अंतरावर येऊन वेळापत्रक वाचणार. ७२ ला एक पिक्सेल ०.३५ मिलिमीटरचा होतो आणि चार फुटांच्या आत तो डोळ्याला सापडतो. एवढंच नाही, तिरक्या रेषेतली पायरी तर डोळा त्याहून बारीक पकडतो. ‘क’ची गोलाई किंवा ‘र’चा तिरपा पाय बघा, फोटो ठीक दिसत असतानाही तिथली करवत नजरेत भरते.

पण यावर उपाय पीपीआय वाढवणं हा नाही. अक्षरं आणि लोगो पिक्सेलमध्ये न्यायचेच नाहीत, व्हेक्टर ठेवायचे, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांचे आकार, कितीही मोठे केले तरी न फुटणारे. तुम्ही सगळा मजकूर फोटोसकट एकाच जेपेगमध्ये सपाट केलात, तिथे घोळ झाला. फोटो एका जागी ठेवा, त्यावर अक्षरं कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये मांडा आणि पीडीएफ द्या. मग अक्षरं छापताना मशीनच्या रिझोल्यूशनला उतरतात, बाकी फाइल कितीही हलकी असो. (मशीनवर लिहिलेले १४४० डीपीआय म्हणजे शाईचे थेंब. त्यांची तुमच्या पिक्सेलशी गल्लत करू नका.)

फॉन्ट कर्व्ह करायला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकायला, विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टही नव्हता आणि देवनागरी नीट जुळवणारं सॉफ्टवेअरही नव्हतं. ‘विज्ञान’मधली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसली, ‘ज्ञ’ फुटून ‘ज्‌’ आणि ‘ञ’ वेगळे झाले, आणि ते तसंच दहा फूट रुंद छापून आलं. मात्र कर्व्ह करण्याआधी शुद्धलेखन दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, नंतर काना-मात्रा बदलता येत नाही.

आता फोटो. इथे मी चूक पदरात घेणार नाही. तुम्हीच लिहिलंय की फोटो १६०० पिक्सेल रुंद होता आणि तो पूर्ण बारा फुटांवर ताणला. १६०० भागिले १४४ इंच, म्हणजे ११ पीपीआय. मूळ फोटोतला एकेक पिक्सेल बॅनरवर २.३ मिलिमीटरचा झाला. तो लपायला बघणारा जवळपास आठ मीटर मागे हवा. फाइल ७२ ची केलीत तेव्हा एका पिक्सेलचे ४२ झाले, १५० ची केलीत तेव्हा १८२. माहिती तेवढीच राहिली, फाइल तेवढी फुगली. एआयने फोटो मोठा करणारी अ‍ॅप्स नसलेला तपशील अंदाजाने रंगवतात. झाडं-डोंगरांना चालेल, माणसांचे चेहरे असतील तर मी तरी वापरत नाही.

हे छापायच्या आधी घरबसल्या कळतं. तुमचा मॉनिटर साधारण ९६ पीपीआयचा असेल आणि फाइल पूर्ण मापात ३२ ची असेल, तर ३०० टक्के झूम केलं की पडद्यावर बॅनरचं खरं माप दिसतं. मग उठून तेवढं अंतर मागे जा, जेवढ्यावरून लोक बघणार आहेत, आणि तिथून ठरवा.

निळ्याचं सोपं आहे. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत बसतच नाही. सायन (निळी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) या दोन्ही शाया १०० टक्के झाल्या की जांभळट येणारच. मॅजेंटा ७० च्या खाली आणून त्याच मटेरियलवर एक पट्टी छापून बघा. कडेच्या मजकुराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: दुमड आणि आयलेट (दोरी ओवायची धातूची भोकं) नेमके तिथेच येतात, निदान तीन-चार इंच मोकळे सोडा.

लेखातलं वाक्य आजच बदललं आहे, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही केला आहे. तुम्ही तिसऱ्यांदा छापण्याआधी एक करा: फोटो काढणाऱ्याकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवा. ती ४,००० पिक्सेल रुंद निघाली तर बारा फुटांवर २८ पीपीआय मिळतील, तीन-साडेतीन मीटरवरून ते पुरतात. वेळापत्रक मात्र फोटोवरून काढून खाली साध्या रंगाच्या पट्टीवर घ्या, म्हणजे जवळ येणाऱ्याची नजर फोटोवर नाही, अक्षरांवर राहील.