परड्यातला फणस

आमच्या परड्यात आजोबांनी लावलेला फणस आहे. कापा जातीचा. गेल्या पावसाळ्यात तो मांगराकडे, म्हणजे शेतावरच्या खोपटाकडे, इतका कलला की एक फांदी कौलांवर येऊन टेकली. म्हटलं, तोडून टाकू. तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात फणस अनुसूचित झाडांत बसतो, म्हणजे परवानगी हवी. अर्ज करायला गेलो तर साहेब म्हणाले, सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा. सातबाऱ्यावर १९ नावं. त्यातली ६ माणसं वारली, वारसनोंद कुणी केली नाही, उरलेले बहुतेक मुंबईकडे, नालासोपारा नाहीतर दिव्याला.

मी मुक्त बाजारवाला आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले तेव्हा त्यांना वेड्यात काढणाऱ्यांत मी नव्हतो. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून उचलून कलम ३००-अ मध्ये नेऊन ठेवला, तेव्हापासून मालकी हा शब्द मला जरा पोकळच वाटतो. दोडामार्गला मेव्हण्याची काजूची बाग आहे. बी काढून घेतली की बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, खच झाडाखाली कुजतो. हद्दीपलीकडे गोव्यात त्याच बोंडूची फेणी ही दारू होते, तिला २००९ पासून जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. हद्दीच्या अलीकडे घरी भट्टी लावलीत तर दारूबंदी कायद्याखाली आत. बोंडू तोच, माती तीच.

पण नाक्यावर चहा पिताना एका मित्राने मला बरोबर कोंडीत पकडलं. "तुझ्या आजाला जमीन कुनी दिली रे? सरकारनंच ना?"

दिलीच. आजोबा खोताचे कूळ, त्याची जमीन कसणारे. पिकातला निम्मा वाटा खोताच्या अंगणात नेऊन ओतायचा, वर वेठ. आजी सांगायची, खोताच्या दारावरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. ही खोती मोडायला अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला. मुक्त बाजाराची वाट बघत बसले असते तर आजोबा कूळ म्हणूनच गेले असते.

यावर माझ्याकडे उत्तर आहे. खोत हा मुळात सरकारचा सारा वसूल करणारा. त्याचे हक्क इंग्रजांनी १८८० साली कायदा करून पक्के केले. म्हणजे एका सरकारने बांधलेली गाठ दुसऱ्या सरकारने सोडली. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकसारखा कट्टर मालमत्तावादीसुद्धा मानतो की अन्यायाने आलेली मालकी दुरुस्त करावी लागते. उत्तर बिनचूक आहे आणि जरा सोयीचंही आहे, हे चहा संपायच्या आत माझ्या लक्षात आलं.

मात्र गाठ पुरती सुटली नाही. आमच्या सातबाऱ्यात इतर हक्कांच्या रकान्यात शेरा आहे: "कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र". म्हणजे जमीन तुमची, पण विकायची तर कलेक्टरची परवानगी. २०१४ साली ही अट बरीच सैल झाली, पण आजोबा तोवर कुठले राहतात! आणि घेणारा शेतकरीच हवा, ही कलम ६३ ची अट अजून आहेच. खोताच्या तावडीतून सुटलेला माणूस सरकारच्या दारात उभा राहिला. वहाणा तेवढ्या पायात.

समुद्राचं मात्र मला कोडं आहे. समुद्राला सातबारा नाही. रात्री एलईडी दिवे लावून मासळी ओढणाऱ्यांना मोकळं सोडा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथे नियम हवेत. ते मच्छीमारांनी आपसांत ठरवलेले असले तर उत्तम, पण हवेत.

असो. फणस अजून उभाच आहे. १९ पैकी ७ सह्या झाल्यात. काल दिव्याच्या चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "सही देतो की. पण या साली धरलेत ना? चार फणस एसटीनं पाठव, मग तोड."