मला दिसतं ते ॲपला दिसत नाही

सबटायटल्सची फाइल व्हिडिओच्या अगदी शेजारी होती. फोल्डर तेच, नाव तेच, फरक काय तो शेवटच्या ‘एसआरटी’चा. तरी प्लेअर मख्खपणे सिनेमा दाखवत होता आणि पडद्यावरची माणसं एका अगम्य भाषेत एकमेकांवर खेकसत होती. मी सबटायटल्सचा मेनू उघडला. त्यात एकच पर्याय होता : ‘बंद करा’. जे सुरूच झालं नाही, ते बंद करायची सोय मात्र चोख!

भाच्याला फोन लावला.

“मामा, प्लेअर फ्लॅटपॅकवाला आहे का?”

“असेल.”

“मग त्याला ती फाइल दिसत नाहीये.”

“अरे, मला दिसतेय की!”

“तुला दिसणारच. तू सॅण्डबॉक्सच्या बाहेर आहेस.”

कॉम्प्युटरच्या बाबतीत माझी बाजू वरचढ असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्याने समजावलं ते असं. लिनक्सवर ॲप मिळवायची फ्लॅटपॅक नावाची एक पद्धत आहे. तिच्यातून घेतलेलं ॲप स्वतःच्या बंद खोलीत चालतं. ही खोली म्हणजेच सॅण्डबॉक्स. वेगळी परवानगी नसेल, तर माझं होम फोल्डर, त्यातले फोटो, बँकेची कागदपत्रं यातलं काहीही त्याच्या जगात नसतं. मी ‘उघडा’ म्हटल्यावर फाइल निवडायची जी खिडकी येते, तीसुद्धा ॲपची नव्हे. ती ‘पोर्टल’ नावाच्या मध्यस्थाची. मी बोट ठेवीन तेवढी एक फाइल तो मध्यस्थ आत सरकवतो, कोठडीच्या गजांमधून कैद्याला चिठ्ठी द्यावी तशी. मी व्हिडिओवर बोट ठेवलं होतं. शेजारच्या सबटायटल्सवर कोण ठेवणार?

शिवाय आत जाताना फाइलचा पत्ताही बदलतो. माझ्या लेखी सिनेमा ‘डाउनलोड्स’मध्ये. प्लेअरला विचारा, तर तो सांगतो : आधी रन, त्यात युजर, त्यात १०००, त्यात डॉक आणि त्याच्याही आत अक्षरं-आकड्यांच्या गिचमिड नावाचं एक फोल्डर. त्या फोल्डरात माझा सिनेमा एकटाच बसलेला. बिचारा प्लेअर शेजारी बघतो, तर शेजारच नाही!

माझं खरं दुखणं इथे आहे. ‘मला परवानगी नाही’ असं तो म्हणाला असता तर मी समजून घेतलं असतं. पण तसं म्हणायला तिथे काहीतरी आहे हे आधी कळायला हवं. आतून पाहिलं तर फाइल खरोखरच नसते, त्यामुळे तो पूर्ण प्रामाणिकपणे काखा वर करतो आणि खोटा मी ठरतो. ब्राउझरही असा खोलीत असेल, तर डिस्कवर साठवलेलं वेबपान उघडतं, पण चित्रं आणि रंगरूप बाहेरच राहतं. स्नॅप या फ्लॅटपॅकसारख्याच दुसऱ्या पद्धतीच्या ॲपना टिंबाने सुरू होणारी होममधली लपवलेली फोल्डरं सहसा वर्ज्य, आणि पेनड्राइव्हची परवानगी बहुतेकदा आपण हाताने जोडून द्यायची. मॅक निदान विचारतो तरी. २०१९च्या कॅटलिना या आवृत्तीपासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्समध्ये ॲपने डोकावलं की ‘चालेल का?’ अशी पाटी येते. आपण ती न वाचता ‘ओके’ दाबतो, हा भाग वेगळा.

बंदोबस्ताला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. एरवी माझ्या नावाने चालणारा कुठलाही फडतूस प्रोग्रॅम माझं सगळं होम फोल्डर चाळू शकतो. सिनेमा दाखवणाऱ्याने माझे पासवर्ड कशाला बघावेत?

भाच्याने फ्लॅटसील नावाचं ॲप घ्यायला लावलं. त्यात प्रत्येक ॲपच्या परवानग्यांची बटणं ओळीने मांडलेली असतात. प्लेअरला डाउनलोड्स फोल्डर दिलं, तेही फक्त वाचण्यापुरतं. फरक शून्य. मग कळलं की चालू ॲपला नवी परवानगी लागू होत नाही, ते बंद करून पुन्हा उघडावं लागतं. उघडलं, आणि सबटायटल्स आल्या.

तेवढ्यात सहज म्हणून इतर ॲपची बटणं पाहिली. एका फोटो एडिटरला ‘सर्व युजर फाइल्स’ बहाल. टिपणं लिहायच्या ॲपलाही तेच. एकाला तर जवळजवळ अख्खी डिस्क मोकळी.

“अरे, यांना एवढं कोणी दिलं?”

“त्यांनी मागूनच घेतलंय. इन्स्टॉल करताना यादी येते ना, मामा.”

“मग प्लेअरने का नाही मागितलं?”

“तो सभ्य आहे.”